रुमालाखालचा हात

वर्षभर जुगाराला नावे ठेवणाऱ्या आपल्या शास्त्रकारांनी एका दिवसापुरते डोळे मिटून घेतले आहेत. तो दिवस म्हणजे दिवाळीचा पाडवा. बलिप्रतिपदेचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वतीने द्यूत मांडले, पार्वती जिंकली आणि शंकर हरले, अशी कथा आहे. शंकर का हरले, याचे कारण पुराणात काहीही दिलेले असो, मला ते उघड दिसते. भोळ्या माणसाच्या मनातले तोंडावर उमटते, आणि समोर बसलेली तर त्याची बायको!

आपल्या घरांतूनही या दिवशी फराळाची ताटे उचलली की सतरंजी अंथरली जाते. मोठ्यांची रमी किंवा मेंढीकोट, आणि धाकटी मंडळी हट्टाला पेटली तर गुलामचोर. पैशांच्या जागी चिंचोके नाहीतर शंकरपाळे. खेळ पत्त्यांचा म्हणायचा, पण अर्धा अधिक खेळ तोंडांचा असतो. हुकमाचा एक्का हाती आला की काका एकाएकी सगळ्यांच्या प्रकृतीची चौकशी करू लागतात. पाने वाईट आली की मावशी पदर सावरतात. आणि गुलाम ज्याच्याकडे आला आहे तो पोरगा इतका शहाण्यासारखा बसतो की, आईला दुसऱ्या खोलीतूनही संशय यावा. या खुणा घरात सगळ्यांना ठाऊक असतात. कळत नाहीत त्या फक्त ज्याच्या त्याला.

पश्चिमेकडच्या पोकर या पत्त्यांच्या खेळात या खुणांचे मोठे शास्त्रच झाले आहे. तिकडे अशा खुणेला 'टेल' म्हणतात. माइक कॅरो नावाच्या अमेरिकन खेळाडूने १९८४ साली या एकाच विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. त्याचे सार आपल्या भाषेत सांगायचे तर असे : ज्याच्या हातात दम नाही तो छाती काढतो, आणि ज्याच्या हातात दम आहे तो खांदे पाडून उसासे टाकतो. पण या विद्येची शाळा पाहायला इतक्या दूर जायला नको. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या बैलबाजारात दिवसभर उभे राहावे. तेथे पत्त्यांच्या जागी बैल असतात, आणि डावावर चिंचोके नसतात, एवढाच फरक.

यवतमाळला जायचे तर वर्ध्यावरून जावे. वर्धा नदीचा पूल ओलांडला की जिल्हा सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरत जाते. दिवाळीच्या सुमारास या जमिनीवर कापसाची बोंडे फुटू लागलेली असतात. लांबून पाहिले तर कोणी काळ्या घोंगडीवर मुरमुरे सांडले आहेत असे वाटावे. वाटेत कळंब लागते. येथला चिंतामणी गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून त्याच्यापुढे जावे लागते. गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने येथे तप केले, असे लोक सांगतात. हा इंद्र वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

कळंबपर्यंत आता वर्ध्याहून रेल्वेही येते. नांदेडला जाणाऱ्या नव्या मार्गाचा हा टप्पा २०२४ साली सुरू झाला. यवतमाळकरांच्या तोंडी मात्र अजून जुन्या शकुंतलेच्याच गोष्टी. १९०३ साली कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेल्या अरुंद रुळांवरून ही गाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला डुलत डुलत जायची. मालकी विलायती कंपनीची आणि चाल बैलगाडीची! आता ती धावत नाही. पण तिचा विषय काढला की समोरचा माणूस बसायला जागा करून देतो.

यवतमाळहून पांढरकवडा, करंजी, मारेगाव करीत वणीला गेले की आपण जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात येतो. सागाची राने, मधूनच कोळशाच्या खाणींचे ढिगारे आणि निर्गुडेच्या काठचे हे जुने गाव. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे नावच वणी होते; ते बदलून यवतमाळ झाले १९०५ साली. येथल्या रंगनाथस्वामींच्या यात्रेला जोडून भरणारा बैलबाजार जुन्या काळापासून नावाजलेला. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांचे सगळेच बाजार आटले आहेत. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून थकलेल्या बैलाचे बाजारातले मोल आणखी घटले. तरी बाजार भरतात. दाव्याला बांधलेल्या रांगा, उडणारी धूळ, शेंगदाण्याच्या आणि भज्यांच्या पाट्या, आणि चार-चार माणसांची कोंडाळी.

अशा कोंडाळ्यात डोकावले की पहिल्यांदा काहीच समजत नाही. बैल पाहून झालेला असतो. त्याचा जबडा उघडून दात मोजलेले असतात, कारण दात हा बैलाचा जन्मदाखला. दुधाचे दात असेतो तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही दात आले म्हणजे जुळला. चालवून, वळवून, जू मानेवर ठेवूनही पाहिलेले असते. आता प्रश्न उरतो भावाचा. आणि येथे एकाएकी सगळे गप्प होतात. दलाल खांद्यावरचा रुमाल काढतो, आपल्या आणि समोरच्याच्या उजव्या हातांवर टाकतो, आणि रुमालाखाली बोटे बोलू लागतात. बोटे धरायची, दाबायची, सोडायची. त्यातून हजार आणि शेकडे ठरत जातात. समोरचा मान हलवतो, हात काढून घेतो, दलाल तो पुन्हा ओढतो. तोंडाने चालते ते सगळे वरवरचे : "अहो, बैल पाहा, वासरू नाही विकून राह्यलो!" खरा सौदा त्या फडक्याच्या आत.

ही रीत फार जुनी. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात दक्षिणेतल्या हिऱ्यांच्या बाजारात हिंडला, तेव्हा त्याने हेच पाहिले आणि तपशीलवार लिहून ठेवले. पूर्ण हात धरला तर एक हजार, पाच बोटे धरली तर पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट म्हणजे पन्नास आणि नुसते टोक म्हणजे दहा. जितक्या वेळा दाबले तितक्या पट. शब्द एकही नाही. भरल्या बाजारात सौदा व्हावा आणि शेजारी बसलेल्यालाही भाव कळू नये! हिऱ्याचा काय आणि बैलाचा काय, बाजाराला गुपित प्रियच.

मी वणीच्या बाजारात एका कोंडाळ्याशी असाच उभा होतो. विकणाऱ्याचे तोंड दगडासारखे, घेणाऱ्याचे त्याहून दगड. त्या तोंडांतून काही वाचता येते का, म्हणून मी डोळे ताणून पाहत होतो. सौदा आटोपल्यावर तो म्हातारा दलाल माझ्याकडे वळला.

"तोंडाकडे काय पाहून राह्यले भाऊ? तोंडाले कुलूप घालता येते. हाताले नाई घालता येत."

"हातातून काय कळते, काका?"

"गरज," म्हातारा म्हणाला. "दुसरं काय समजाचं असते?"

मग चहाच्या टपरीवर बसून त्याने मला जे सांगितले, ते या विद्येचे पहिले पुस्तकच म्हणायला हरकत नाही. ज्याला बैल घ्यायचाच आहे तो त्याला नावे ठेवतो. ज्याला घ्यायचा नाही तो स्तुती करून पुढे जातो. "नको" म्हणून निघालेला गिऱ्हाईक टपरीवर बसला आणि बैल दिसेल अशाच बाजूला तोंड करून बसला, तर तो परत येणार. विकणारा सकाळी दाव्याचे टोक बोटाला सैल गुंडाळून उभा असतो. तिसऱ्या प्रहरी तेच दावे मुठीत आवळलेले दिसले, तर समजावे की यांना आज रिकाम्या हाताने परत जाता येत नाही. आणि रुमालाखाली हात घेतला की बाकी सगळे कळते. सवड असलेल्या माणसाचा तळवा कोरडा असतो आणि तो बोट धरू देतो. गरजू माणसाचा हात घामेजतो, आणि आकडा आवडला नाही तरी तो हात ओढून घेताना थोडा उशीर करतो.

"तेवढ्या उशिराचे हजार-दोन हजार कमी होते," म्हातारा म्हणाला. हे सांगताना त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती. वजनकाट्याने वजन सांगावे तसे त्याने सांगितले.

म्हाताऱ्याचे म्हणणे मला त्या वेळी दलालाचे चातुर्य वाटले. पुढे वाचनात आले की शास्त्रज्ञांनाही तेच आढळले आहे. अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोकरच्या मोठ्या स्पर्धेतल्या खेळाडूंची चलच्चित्रे त्यांनी लोकांना दाखवली. काहींना नुसते चेहरे, काहींना नुसते हात. आणि कोणाकडे चांगली पाने असतील ते ओळखायला सांगितले. चेहरे पाहणाऱ्यांची उत्तरे नाणे उडवून दिलेल्या उत्तरांहूनही वाईट निघाली. पैशाच्या चकत्या पुढे सरकवणारे हात पाहणाऱ्यांना मात्र बरेच बरोबर ओळखता आले. ज्याची पाने चांगली त्याचा हात सहज, न अडखळता सरकतो. तोंडाला कुलूप घालता येते, हाताला नाही! वणीच्या टपरीवरचा सिद्धांत अमेरिकेत सिद्ध झाला, आणि म्हाताऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

तोंडावरून खोटे ओळखण्याची आपली ऐट तर आणखीच फुकट आहे. अशा शेकडो प्रयोगांचा हिशेब २००६ साली मांडला गेला, तेव्हा माणूस खरे की खोटे बोलतो हे लोक शंभरांत सरासरी चौपन्न वेळा बरोबर ओळखतात असे निघाले. म्हणजे आपण ज्याला 'मी माणूस पाहताक्षणी ओळखतो' म्हणतो, त्यात आपला वाटा शंभरांत चारांचा, बाकीचे नाण्याचे.

पोळ्याच्या दिवसांत या भागात गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. कायद्याला ते मंजूर नाही. १८८७ सालचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अजून उभा आहे, आणि पोलिसांची गाडी दिसली की चावडीमागचे कोंडाळे चिमण्यांसारखे उडते. रमीला निदान सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कौशल्याचा खेळ म्हणून मान दिला आहे. तीन पत्तीच्या नशिबी तोही नाही. पण त्या तीन पत्तीत एक युक्ती आहे, ती मला पोकरच्या पुस्तकांहून शहाणी वाटते. तिच्यात खेळाडूला आंधळे खेळता येते. आपली पाने उचलून पाहायचीच नाहीत, आणि पाहून खेळणाऱ्याच्या निम्मे पैसे टाकून डावात राहायचे. आता अशा माणसाच्या तोंडावर काय वाचणार आणि हातात काय चाचपणार? जे त्याचे त्यालाच ठाऊक नाही, ते त्याचे शरीर सांगणार कसे? समोरचा कितीही मुरलेला असो, आंधळ्या खेळाडूपुढे त्याची विद्या लंगडी पडते. ही गोष्टही वाचकांनी इंद्राशेजारी ठेवून द्यावी.

बैलाच्या बाजारात चालणारी रुमालाची रीत एके काळी शेतमालाच्या बाजारांतूनही चाले. शेतकरी गाडी घेऊन यायचा, आडत्या आणि व्यापारी फडक्याखाली बोटे दाबायचे, आणि ज्याच्या मालाचा भाव ठरत होता तोच बाहेर उभा राहून दोघांच्या तोंडांकडे पाहत बसायचा. त्या तोंडांवर काहीही लिहिलेले नसे. वऱ्हाडात १८९७ सालीच कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला; देशातल्या अगदी पहिल्या अशा कायद्यांपैकी तो एक. पुढे बाजार समित्या आल्या, १९६३ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला, रुमाल गेला आणि उघड लिलाव आला. १९७२ पासून तर तीसेक वर्षे एकाधिकार योजनेत सरकारच कापूस घेत होते. भाव आधीच जाहीर. कोणी कोणाचे तोंड वाचायचे कारण नाही. वाट पाहायची ती फक्त चुकाऱ्याची. आणि ती पाहता पाहता पुष्कळांच्या दिवाळ्या गेल्या.

आज लिलाव उघड आहे आणि भाव मोठ्याने पुकारला जातो. तरी यवतमाळच्या शेतकऱ्याची गरज काही झाकली गेलेली नाही. दिवाळीच्या तोंडावर, बोंडे पुरती वाळण्याआधीच वेचलेल्या कापसाची गाडी बाजारात आली, की ती गाडीच सगळे सांगते. सावकाराची तारीख, मुलीचे सासरहून येणे, दुकानातली उधारी, सगळे त्या ओलसर कापसात दिसते. घरी ठेवायला जागा आणि थांबायला महिनाभराची ऐपत ज्याला आहे, तो भाव चढल्यावर येतो. व्यापारी माणसे ओळखण्यात फार हुशार असतात, असे आपण म्हणतो. पण समोरचा माणूस आपली गरज अंगावर पांघरून आला असेल, तर ती ओळखायला हुशारी कितीशी लागते? या जिल्ह्याचे नाव गेल्या पंचवीस वर्षांत शहरी वाचकाने वर्तमानपत्रांत वाचले ते बहुधा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत. त्या बातम्यांच्या मागे पुष्कळ कारणे आहेत, आणि त्यांतले एक हेही आहे की येथल्या माणसाला बाजारात थांबता येत नाही, आणि ते सगळ्या बाजाराला दिसते.

आता त्या इंद्राची गोष्ट. यवतमाळच्या उत्तरेला, वर्धा नदीच्याच काठी, अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर आहे. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ते हेच, असे मानतात. तेथली राजकन्या दमयंती. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे देव नलाचे रूप घेऊन बसले. पाच नल, हुबेहूब सारखे. दमयंतीने काय केले? ती खुणा वाचू लागली. चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, पापणी लवत नव्हती, माळा कोमेजत नव्हत्या, पाय भुईला टेकत नव्हते आणि सावली पडत नव्हती. पाचव्याला घाम आला होता, त्याची माळ सुकू लागली होती, डोळे मिटत-उघडत होते आणि त्याची सावली जमिनीवर पडली होती. तिने माळ त्याच्या गळ्यात घातली.

माणसाच्या अंगावरच्या खुणा वाचण्याची याहून जुनी आणि याहून सुंदर गोष्ट मला माहीत नाही, आणि ती आपल्या विदर्भातली आहे. जे हात घामेजतात म्हणून बाजारात भाव पडतो, तोच घाम पाहून दमयंतीने आपला माणूस ओळखला. पुढे हाच नल द्यूतात पुष्कराकडून राज्य हरला. बऱ्याच भोगानंतर ऋतुपर्ण राजाने त्याला अक्षहृदय शिकवले. बेहड्याच्या एका झाडाची पाने आणि फळे ऋतुपर्णाने नुसत्या नजरेने मोजून दाखवली होती, तीच ही विद्या. बेहडा यवतमाळच्या रानांतही आहे, आणि त्याच्या फळांचे फासे जुन्या काळी करीत. मला यात एक गोष्ट गमतीची वाटते. नलाने हरलेले राज्य परत मिळवले ते मोजण्याच्या विद्येने. पुष्कराचे तोंड वाचून नव्हे. तोंड वाचण्याची विद्या ज्या दमयंतीकडे होती, तिने ती वापरली फक्त आपले माणूस ओळखायला.

वणीच्या बाजारात या दोन्ही विद्या मी एका संध्याकाळी एकत्र पाहिल्या. एक शेतकरी एकच बैल घेऊन आला होता. जोडीतला दुसरा गेला होता आणि एकट्या बैलाने नांगर चालत नाही. दिवसभर त्याने स्वतः कोणाच्याही रुमालाखाली हात घातला नाही. दलाल आला की तो बाजूला सरायचा आणि त्याच्या गावचा एक जण हात पुढे करायचा. मी म्हाताऱ्याला विचारले, मालक समोर असताना हा कोण?

"शेजारी हाये त्याचा. बैल त्याचा नाई, पैसे त्याचे नाई. त्याचा हात काहून घामेजंन?"

मला तीन पत्तीतला तो आंधळा खेळाडू आठवला. किती पैसे हवेत हे त्या शेजाऱ्याला मालकाने सांगितले होते. का हवेत, हे मुद्दाम सांगितले नव्हते. जे त्याला ठाऊकच नव्हते ते त्याचे बोट सांगणार कुठून? दलालाने तीन वेळा हात ओढला, तीनही वेळा शेजाऱ्याने तो शांतपणे काढून घेतला, आणि चौथ्या खेपेला सौदा तुटला तो मालकाच्या मनाजोगता. शेजाऱ्याने यासाठी काही घेतले नाही. चहा मात्र घेतला.

दिवस मावळताना पैसे मोजून झाले. शेतकऱ्याने ते न मोजताच आतल्या खिशात ठेवले आणि तो बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडू लागला. माळ घरी न्यायची होती. गाठ जुनी होती, सुटत नव्हती. बैल मान खाली घालून उभा राहिला, रोज संध्याकाळी राहत असेल तसाच. गाठ सोडायला त्या माणसाला फार वेळ लागला.

म्हातारा दलाल, घेणारा, शेजारी, सगळे तेथेच होते. दिवसभर दुसऱ्यांचे हात आणि डोळे वाचणारी ती माणसे. त्या वेळी एकानेही त्याच्याकडे पाहिले नाही. कोणी बिडी पेटवली, कोणी आभाळाकडे पाहिले, म्हाताऱ्याने आपला रुमाल झटकला आणि त्याची घडी घालत बसला.